आयटी कंपनीचा इंटरव्ह्यू लागलाय? मग आधी लोकांचे अनुभव नीट वाचायला शिका

इंटरव्ह्यूचा मेल आला की आपल्याकडं पहिलं काम ठरलेलं असतंय, त्या कंपनीत आधी कोण जाऊन आलंय ते शोधायचं. सीनियरला फोन, टेलिग्रामवरच्या पीडीएफ, लीटकोड या कोडिंग सरावाच्या साइटवरच्या पोस्टी, आणि त्यातनं प्रश्नांची यादी काढून पाठ करायची. आपल्या कोल्हापुरात केआयटी कॉलेज घ्या, डी. वाय. पाटील घ्या, विद्यापीठाचं डिपार्टमेंट घ्या, सगळीकडं हेच. मी पुण्यात इंटरव्ह्यू पॅनलवर बसतो आणि सुट्टीला गावी आलो की राजारामपुरीत भेटणारी पोरंपोरी पहिला प्रश्न हाच टाकत्यात, दादा, तिथं काय विचारतात? त्यांना जे सांगतो तेच इथं जरा सविस्तर लिहितोय.

यादी पाठ करू नका. तोच प्रश्न तुम्हाला पडेल याची काय गॅरंटी नाही, आणि पडला तरी पाठ केलेलं उत्तर दोन मिनिटांत समजतं, कारण माणूस विचार न करता थेट टाइप करायला लागतो. अनुभव वाचताना बघायचं ते वेगळंच. पोस्ट कधीची आहे, फ्रेशरची आहे की चार वर्षं काम केलेल्याची, राऊंड किती झाले, कुठल्या राऊंडला किती वेळ दिला, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिलं उत्तर दिल्यावर *पुढं काय विचारलं*. हे 'पुढं काय विचारलं' लोक बहुतेक एका ओळीत उरकतात, पण खरा इंटरव्ह्यू तिथंच असतो. पाचसहा अनुभव घेऊन वहीत फक्त हे पुढचे प्रश्न उतरवून काढा, कंपनीला काय बघायचंय ते लगेच दिसायला लागेल. "सोप्पा होता", "लई हार्ड होता" असलं लिहिलेलं सोडून द्या, त्यात आपल्या कामाचं काही नसतं.

काही कंपन्यांची पद्धत तर उघड आहे, त्यासाठी कुणाला फोन करायची गरजच नाही. अमेझॉनची १६ लीडरशिप प्रिन्सिपल्स त्यांच्या वेबसाइटवर आहेत आणि जवळपास प्रत्येक राऊंडमध्ये त्यावरनं तुमच्या कामातले किस्से विचारतात, शिवाय 'बार रेझर' म्हणून ज्या टीमला माणूस पाहिजे तिच्या बाहेरचा एकजण बसवतात. गूगलमध्ये इंटरव्ह्यू घेणारा फक्त लेखी फीडबॅक देतो, निर्णयाआधी ते सगळं हायरिंग कमिटी बघते, म्हणून एक राऊंड बिघडला तरी पुढच्यात खांदे पाडून बसायचं नाही. बाकी साधारण साचा असा, आधी हॅकररँकसारख्या साइटवर ऑनलाइन टेस्ट, मग कोडिंगचे एकदोन राऊंड, मग प्रोजेक्टवर बोलणं, अनुभव असेल तर सिस्टिम डिझाइन, म्हणजे मोठ्या सॉफ्टवेअरची मांडणी कशी करायची ते, शेवटी मॅनेजर नाहीतर एचआर.

आता कोडिंग राऊंड, इथं जरा थांबूया. एक अगदी नेहमीचा प्रश्न घ्या, आकड्यांचा अ‍ॅरे, म्हणजे ओळीनं मांडलेली यादी, दिलाय आणि एक बेरीज दिलीय, ती बेरीज होणारे दोन आकडे शोधा. आपली पोरं ऐकतात आणि गप्प होऊन कोड लिहायला लागतात, दोन लूप, झालं. तसं न करता आधी विचारा, अ‍ॅरे सॉर्ट केलेला, म्हणजे क्रमानं लावलेला, आहे का, निगेटिव्ह आकडे आहेत का, तोच आकडा दोनदा येऊ शकतो का, उत्तर नसलं तर काय परत द्यायचं. मग सांगा, "सर, साधं उत्तर म्हणजे दोन लूप, प्रत्येक जोडी तपासायची." त्यावर पॅनलवाला हमखास विचारणार, एक लाख आकडे असले तर? तर जवळपास ५०० कोटी जोड्या होतात, म्हणजे हे चालणार नाही, आणि हे त्यानं सांगायच्या आधी तुम्ही बोललात तर राऊंड अर्धा तुमच्या बाजूला आला. मग हॅशमॅप, म्हणजे आधी बघितलेले आकडे ठेवून झटकन शोधता येणारी नोंदवही, एका फेरीत काम, प्रत्येक आकड्याला त्याचा जोडीदार आधी येऊन गेलाय का बघायचं. इथं एक बारीक गोष्ट आहे, आधी शोधायचं आणि *मग* तो आकडा मॅपमध्ये टाकायचा, उलटं केलं तर बेरीज १० असताना एकटाच ५ स्वतःशीच जोडी लावून बसतो. ही चूक मी चांगल्या चांगल्यांकडनं होताना बघितलीय. त्यानंतर प्रश्न येतो मेमरी कमी असली तर, मग सॉर्ट करा आणि दोन टोकांकडनं आत या, आणि सॉर्टला वेळ लागतो तो पण सांगा. बघा, प्रश्न एकच पण त्यातनं चार प्रश्न निघाले, आणि पॅनलला मार्क द्यायचे असतात ते या चारांवर.

आणि हे सगळं तोंडानं बोलत करायचं. कोल्हापूरच्या पोरांना येत नाही असं अजिबात नाही, डोकं चालतंय, पण डोक्यात काय चाललंय ते बाहेर येत नाही, आणि पॅनलवाल्याला दहा मिनिटं शांतता ऐकू आली की फॉर्ममध्ये तो काय लिहिणार? म्हणून मित्राला समोर बसवा, आधी मराठीत समजावून सांगा, बिनधास्त, मग तेच इंग्रजीत. साधी छोटी वाक्यं चालतात, ग्रामर चुकलं तरी चालतं, खरंच सांगतोय, मी आजवर कुणाला ग्रामरसाठी नापास केलेलं नाही. अडकलात तर "मी इथं अडकलोय, मला असं असं वाटतंय" एवढं म्हणा, पॅनलवाला हिंट देतो, हिंट घेणं कमीपणाचं नाही, घेऊन पुढं जाता येतंय का तेच बघायचं असतं.

प्रोजेक्टचं म्हणाल तर रेझ्युमेवर नेटवरनं उचललेलं चॅटबॉट, फेस रेकग्निशन असलं काही टाकू नका, तिसऱ्या प्रश्नाला हवा निघून जाते. त्यापेक्षा आपल्या गावातलं घ्या. एका मुलीनं गावच्या दूध संस्थेसाठी छोटं सॉफ्टवेअर केलेलं, सकाळ संध्याकाळ दूध घालायचं, फॅट आणि एसएनएफवरनं (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दर काढायचा, दहा दिवसांचं बिल. साधं वाटतंय ना? पण तिला विचारलं की दूध मोजताना मध्येच लाइट गेली तर नोंद अर्धी राहते का, तर ती म्हणाली एक नोंद पूर्ण झाल्याशिवाय सेव्हच होत नाही. नेट नसताना मोबाइलवर घेतलेली नोंद नंतर दोनदा गेली तर? तिनं प्रत्येक नोंदीला सभासद, तारीख आणि वेळ मिळून एक नंबर दिलेला, दुसऱ्यांदा आली की सिस्टिम घेतच नाही. रक्कम फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकड्यात, का ठेवली नाही, तर सगळा हिशेब रुपयांत न करता पैशांत, पूर्णांकात ठेवला, नाहीतर बिलात फरक पडतो आणि सभासद संस्थेत येऊन भांडतो. एवढं ऐकल्यावर मला तिची डिग्री विचारायची गरजच वाटली नाही. उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपचा स्टॉक, गुऱ्हाळाचा हिशेब, मामाच्या दुकानाची उधारी, काहीही चालेल, फक्त ते कुणीतरी खरंच वापरलेलं असावं, कारण वापरणारा माणूस जे प्रश्न काढतो तेच पॅनल काढतं.

ऑनलाइन इंटरव्ह्यू असला तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम जवळ ठेवा, लॅपटॉप पूर्ण चार्ज, लाइट गेली तर हॉटस्पॉटवर जायला एक मिनिट पण लागू नये, आणि असं झालं तर परत जोडल्यावर सरळ सांगा, कुणी मार्क कापत नाही. पुण्याला जायचं असेल तर रात्रीच्या गाडीनं पहाटे स्वारगेटला उतरून तसंच हिंजवडीला पळायचं हे करू नका. कोल्हापूर ते पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आणि पुढं हिंजवडीचं ट्रॅफिक, डोळ्यावर झोप घेऊन बायनरी ट्री (फांद्या फुटत जाव्यात तशी माहितीची मांडणी) सुचत नाही. आदल्या दिवशी जा, कुणा मित्राच्या रूमवर झोपा.

एचआर राऊंडला सीटीसीचा, म्हणजे कंपनी वर्षाला तुमच्यावर करणार त्या एकूण खर्चाचा, आकडा ऐकून लगेच घरी पेढे सांगू नका, त्यात काय काय धरलंय त्याची फोड मागा. सीटीसीमध्ये बऱ्याचदा कंपनीच्या वाट्याचा पीएफ, म्हणजे बेसिकच्या (मूळ पगाराच्या) १२ टक्क्यांपर्यंत, आणि ग्रॅच्युइटी, साधारण बेसिकच्या ४.८१ टक्के, धरलेली असते, ती महिन्याला हातात येत नाही. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरी बघून मिळणारा पगाराचा भाग, किती, जॉइनिंग बोनस एका वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यावा लागतो का, नोटीस पीरियड ३० दिवस का ९०, बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी सोडायची नाही अशी अट, आहे का, हे सगळं विचारायला लाजायचं नाही. ओरिजिनल मार्कशीट कुणाच्या ताब्यात देऊ नका. आणि रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग डिपॉझिट, लॅपटॉपची सिक्युरिटी म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथंच फोन ठेवा, नोकरी देणारी खरी कंपनी पैसे घेत नसते. गेलेच पैसे तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा, उशीर केला की पैसे पुढं पुढं सरकत जातात.

रिजेक्ट झालात तर ते मनाला लागणार, लागू दे. मॅक हे कॉम्प्युटर वापरणारे लाखो प्रोग्रॅमर होमब्रू नावाचं टूल रोज वापरतात, ते बनवणाऱ्या मॅक्स हॉवेलला गूगलनं २०१५ मध्ये नाही म्हटलं, बोर्डवर बायनरी ट्री उलटी करता आली नाही असं त्यानंच ट्विट केलं होतं. बऱ्याच कंपन्या सहा महिने ते वर्षानंतर परत अर्ज घेतात, ती तारीख कॅलेंडरला टाकून ठेवा.

आणि इंटरव्ह्यू झाला की त्याच दिवशी, जेवायच्या आधी, आपला अनुभव लिहून काढा, उद्यापर्यंत निम्मं विसरतं. प्रश्न गुप्त ठेवायची सही घेतली असेल तर प्रश्न लिहू नका, पण राऊंड किती, कुठल्या टॉपिकवर, कुठं अडकलात, हिंट कसली मिळाली, पुढं कुठल्या दिशेनं नेलं, रिझल्ट किती दिवसांनी आला, हे लिहिता येतं. मग ते गावातल्या ज्युनियरच्या ग्रुपवर टाका, सिलेक्शन झालं नसलं तरी टाका, नापास झालेल्यांचे अनुभव कुणी लिहीतच नाही आणि ज्युनियरना कुठं काय बिघडतं ते त्यातनंच कळतं.