गोळी सुरू करतानाच ती थांबवण्याची तारीख ठरवा

दसरा झाला की बीड, धारूर, पाटोद्याकडच्या ऊसतोड टोळ्या फडावर निघण्याच्या तयारीला लागतात आणि आमच्या औषध दुकानात दुखणे थांबवणाऱ्या गोळ्यांसाठी एक मागणी हमखास येते: "मागच्या वेळच्याच गोळ्या द्या." हातात रिकामे पाकीट असते, चिठ्ठी नसते. एका दिवसाचा खाडा पडला तरी मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीवर दंड चढतो, म्हणून कंबर धरलेला माणूस गोळी गिळून मोळी उचलतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या दुखण्यावर अशी गोळी घेताना काही हद्दी आधीच आखाव्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे पाकिटाच्या मागच्या बाजूला असलेले घटकाचे नाव वाचून किंवा कोणाकडून वाचवून घ्यावे, कारण कंपनीचे नाव बदलले तरी औषध तेच असू शकते. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांचे व्यसन लागत नाही. पण ती जठराला आणि मूत्रपिंडाला इजा करू शकतात, आणि उन्हात घाम गाळणाऱ्या, पुरेसे पाणी न पिणाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडाला त्यांचा धोका अधिक असतो. पॅरासिटामॉल त्यामानाने सौम्य असले तरी धडधाकट प्रौढानेही २४ तासांत ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. दारू पिणाऱ्यांनी किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून त्याहून कमी घ्यावे. ट्रामाडॉल, टॅपेन्टाडॉल आणि कोडीन ही मात्र अफूसारखे काम करणारी औषधे असून सवय लागते ती यांची. ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आहे, तरीही पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत ते असल्याचे घेणाऱ्याला अनेकदा ठाऊकच नसते. बिननावाच्या पुड्या तर घेऊच नयेत. त्यांत स्टेरॉइड असू शकते, आणि दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकदम बंद केले तर जीवावर बेतू शकते.

अंगवळणी पडणे आणि व्यसन लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही आठवडे रोज ट्रामाडॉल घेतल्यावर ते चुकले की घाम, जुलाब, बेचैनी, झोप उडणे असे त्रास कोणालाही होऊ शकतात. तो शरीराचा धर्म आहे. पण दुखत नसतानाही गोळी हवीशी वाटणे, पाकीट घरच्यांपासून लपवणे, एका डॉक्टरांना न सांगता दुसऱ्यांकडून चिठ्ठी आणणे, ही व्यसनाची पावले आहेत.

म्हणून चिठ्ठी लिहिली जात असतानाच डॉक्टरांना स्पष्ट विचारावे: ही गोळी किती दिवस, कमी कधी करायची, आणि तिने मला नेमके काय जमायला हवे? दुखणे शून्यावर आणण्याचा हट्ट धरला तर मात्रा वाढतच जाते; "बाजेवरून आधाराशिवाय उठता येणे" हे ध्येय अधिक कामाचे. एक डॉक्टर, एक दुकान आणि एक वही ठेवावी. वहीत इतके पुरे: सोमवार, सकाळी एक गोळी, दोन तास कापूस वेचला, रात्री झोप मोडली नाही. महिन्याने हीच पाने डॉक्टरांपुढे ठेवली की गोळीने कामाला हात दिला की नुसती गुंगी आणली, हे लगेच कळते.

गोळीबाहेरचे उपाय कंटाळवाणे वाटतात, पण जुन्या कंबरदुखीत खरा भार त्यांच्यावरच असतो. कापूस वेचताना पोटाशी बांधलेली ओटी गच्च भरेपर्यंत न थांबता अर्धी झाली की रिकामी करावी. पुढे ओढणाऱ्या वजनामुळे कंबरेवर सारखा ताण येतो. बरे वाटले त्या दिवशी सगळे काम उरकून पुढचे दोन दिवस पडून राहण्यापेक्षा रोज थोडे, ठरवून करावे. चालणे, शेक, फिजिओथेरपिस्टने दाखवलेले व्यायाम आणि वेळेवर झोप यांत खंड पडू देऊ नये. मुंग्या येणाऱ्या, जळजळणाऱ्या नसांच्या दुखण्याला वेगळी औषधे असतात, हेही डॉक्टरांना विचारावे. पायातली ताकद जाणे, लघवी-संडासवरचा ताबा सुटणे, ताप किंवा विनाकारण वजन घटणे असे काही दिसले, तर मात्र घरी थांबू नये.

गोळी आधीच अंगवळणी पडली असेल, तर ती स्वतःच्या मनाने एकदम तोडू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे टप्प्याटप्प्याने मात्रा उतरवावी. ट्रामाडॉलने झटके येऊ शकतात, आणि दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर ते घेतले तर श्वास मंदावून माणूस जाऊ शकतो. अंबाजोगाई, लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभागात याबाबत दाखवता येते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत.

फडावर निघण्यापूर्वी चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावा, कारण कारखान्याच्या गावातला नवा डॉक्टर तेच औषध दुसऱ्या नावाने लिहून देतो आणि नकळत मात्रा दुप्पट होते.