शिसे आधी, जस्त नंतर: एक किलो खनिजाची फ्लोटेशन चाचणी

आपल्या नाशिकच्या काळ्या बसाल्टमध्ये शिसे-जस्ताच्या खाणी नाहीत. आमच्या अंबडच्या प्रयोगशाळेत हे नमुने राजस्थानातून, भिलवाडा-उदयपूर भागातून येतात. फ्लोटेशन म्हणजे दळलेलं खनिज पाण्यात ढवळून, हवा सोडून, हवे ते कण फेसाबरोबर तरंगवून काढणं. नव्या पोरांना फेस काढायची भारी घाई असते. मी त्यांना आधी मिलपाशी बसवते.

नमुना २ मिमीखाली फोडून एक किलो घ्या आणि रॉड मिलमध्ये (पोलादी दांडे भरलेल्या फिरत्या पिंपात) अर्धा लिटर पाण्यासोबत दळा. वेगवेगळी मिनिटं दळून, दर वेळी ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर धुऊन बघा. साधारण ८० टक्के माल खाली जातो ती वेळ सुरुवातीला धरा. खाण बदलली की ती पुन्हा काढायची. दळण जाड राहिलं तर शिसे-जस्त एकाच कणात अडकून राहतात. फार बारीक केलं तर गॅलेनाचा, म्हणजे शिशाच्या खनिजाचा, चिखल होतो, कारण ती जड असली तरी मऊ असते, आणि तो चिखल बुडबुड्याला नीट धरत नाही.

सोडा ॲश आणि झिंक सल्फेट मिलमध्येच घाला. दळताना सुटलेले शिसे-तांब्याचे आयन स्फॅलेराइटवर (जस्ताच्या खनिजावर) बसले तर जस्तही शिशाबरोबर तरंगू लागतं. झिंक सल्फेट ते रोखतं. प्लांटात जोडीला सायनाइड वापरतात. पीएच घसरला की त्याचा विषारी वायू सुटतो, म्हणून शिकणाऱ्यांच्या हाती मी ते देत नाही.

आता सेलमध्ये, म्हणजे फेस काढायच्या टाकीत, घन भाग ३० टक्क्यांच्या आसपास ठेवा, पीएच ८.५. झँथेट हे कणांना बुडबुड्याला चिकटवणारं रसायन; त्याचं १ टक्का द्रावण त्याच दिवशी बनवा. ४ मिली म्हणजे टनाला ४० ग्रॅम. दोन मिनिटं ढवळा, एमआयबीसी या फेस आणणाऱ्या द्रवाचे एक-दोन थेंब टाका, मग हवा सोडा. करडा, चकाकता फेस फिका पडेपर्यंत ओढत राहा.

उरलेल्या मालात जस्त आहे. इथे द्राक्षबागायतदारांच्या ओळखीची जोडी येते: मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना. बोर्डो मिश्रणासारखी एकत्र मात्र करू नका. आधी मोरचूद, १० टक्के द्रावणाचे ४ मिली, आणि पाच मिनिटं ढवळणं. तांबं स्फॅलेराइटवर बसलं की झँथेट तिला पकडतं. मग चुन्याने पीएच ११ करा, म्हणजे पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) खाली राहतो. पुन्हा झँथेट, पुन्हा हवा. हा फेस तपकिरी येतो.

शिशाचा फेस, जस्ताचा फेस आणि शेवटी उरलेला, असे तिन्ही माल वाळवून, वजन करून तपासणीला द्या. मूळ मालात शिसे २ टक्के, कॉन्सन्ट्रेटमध्ये (फेसातून मिळालेल्या मालात) ६० आणि शिशाच्या टप्प्यानंतर उरलेल्यात ०.३ असेल, तर वसुली, म्हणजे मूळ शिशापैकी कॉन्सन्ट्रेटमध्ये आलेला वाटा, ६० × (२ − ०.३) ÷ (२ × (६० − ०.३)), म्हणजे सुमारे ८५ टक्के.

शिशाच्या कॉन्सन्ट्रेटमध्ये जस्त जास्त निघालं तर लगेच झिंक सल्फेट वाढवू नका. चिमूटभर माल सूक्ष्मदर्शकाखाली बघा. कण जोडलेले दिसले तर तेवढं कॉन्सन्ट्रेट पुन्हा दळून परत तरंगवा. कण सुटे असतील तरच रसायनाला हात लावा.