युनिक्स सर्व्हरचे नेटवर्क बिघडल्यावर या चुका टाळा

सर्व्हरपर्यंत कोणी पोहोचत नाही अशी तक्रार आली की बहुतेक अ‍ॅडमिन पहिला आदेश नेटवर्क सेवा पुन्हा सुरू करण्याचा देतात. माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे, कारण त्या एका आदेशासरशी एआरपी (आयपी पत्त्यावरून शेजारच्या यंत्राचा हार्डवेअर पत्ता शोधणारी यंत्रणा) टेबलमधल्या नोंदी आणि कोणीतरी हाताने घातलेले मार्ग पुसले जाऊ शकतात. बिघाड कुठे होता हे सांगू शकणारा पुरावाच त्यामुळे नाहीसा होतो. सेवा पुन्हा सुरू केल्यावर सर्व्हर चालू लागला तरी कारण कळत नाही आणि तोच बिघाड पुढे अधिक गैरसोयीच्या वेळी परत येतो.

म्हणून काहीही बदलण्यापूर्वी चालू स्थितीची नोंद एका फाइलमध्ये घ्यावी. लिनक्सवर त्यासाठी ‘आयपी अ‍ॅड्रेस’, ‘आयपी राउट’, ‘आयपी रूल’, ‘आयपी नेबर’ आणि ‘एसएस’ या आदेशांचे आउटपुट पुरते, तर बीएसडी आणि एआयएक्सवर ‘आयएफकॉन्फिग’, ‘नेटस्टॅट’ आणि ‘एआरपी’ हे आदेश तेच काम करतात. आयएफकॉन्फिग हा आदेश १९८३ सालच्या ४.२ बीएसडीपासून आपल्यासोबत आहे आणि अनेकांच्या बोटांना त्याचीच सवय आहे. लिनक्सवर मात्र तो अपुरी माहिती देतो. एखाद्या इंटरफेसवर ‘आयपी’ आदेशाने लेबल न देता दुसरा पत्ता जोडला असेल, तर आयएफकॉन्फिग तो दाखवत नाही, आणि मग कर्नलकडे (प्रणालीच्या गाभ्याकडे) दोन पत्ते असताना अ‍ॅडमिन एकच पत्ता गृहीत धरून तासन्‌तास शोध घेत राहतो.

चालू स्थिती आणि लिहिलेली स्थिती

प्रत्येक सर्व्हरवर नेटवर्कची मांडणी दोन ठिकाणी असते. एक कर्नलच्या मेमरीत, म्हणजे या क्षणी प्रत्यक्ष लागू असलेली, आणि दुसरी डिस्कवरच्या फाइलींत, म्हणजे पुढच्या बूटच्या वेळी लागू होणारी. या दोन्ही सारख्याच असतील असे मानणे हे मी पाहिलेल्या निम्म्याहून अधिक गोंधळांचे मूळ होते. एका सर्व्हरवर मी स्वतः घाईच्या प्रसंगी बॅकअपच्या नेटवर्ककडे जाणारा मार्ग ‘आयपी राउट’ने जोडला होता आणि काम चालू लागल्यावर तो फाइलमध्ये लिहिण्याचे राहून गेले. काही महिन्यांनी कर्नल अद्ययावत करण्यासाठी सर्व्हर रीबूट झाला आणि त्या रात्रीपासून बॅकअप थांबले. नवीन कर्नलमध्येच दोष असणार असे समजून आम्ही दोन दिवस त्यामागे लागलो होतो.

लिनक्सवर ‘आयपी’ आदेशाने केलेला कोणताही बदल रीबूटनंतर टिकत नाही. तो टिकवण्याची जागा प्रत्येक वितरणात वेगळी आहे. डेबियनवर पारंपरिक पद्धतीने ‘/इटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस’ ही फाइल वापरतात, उबुंटू सर्व्हरवर नेटप्लॅनच्या यामल फाइली असतात आणि रेड हॅट कुटुंबात नेटवर्कमॅनेजर हे काम सांभाळतो. फ्रीबीएसडीमध्ये ‘/इटीसी/आरसी.कॉन्फ’मधली ओळ निर्णायक ठरते. एआयएक्सवर आयएफकॉन्फिगने दिलेला पत्ता तात्पुरता असतो आणि ‘सीएचडेव्ह’ने केलेला बदल ओडीएम या डेटाबेसमध्ये टिकतो. सोलारिस ११ वर याच्या उलट फसगत होते, कारण तेथील ‘आयपीएडीएम’ आदेश वेगळे सांगितले नाही तर बदल कायमचाच करतो. केवळ चाचणीसाठी दिलेला पत्ता त्यामुळे रीबूटनंतरही सर्व्हरवर राहतो आणि तोच पत्ता पुढे दुसऱ्या यंत्राला दिला गेला की दोघांची टक्कर होते.

त्याहून वाईट अवस्था म्हणजे एकाच इंटरफेसवर दोन व्यवस्थापकांनी हक्क सांगणे. जुन्या फाइलीत स्थिर पत्ता लिहिलेला असतो, दुसरीकडे नेटवर्कमॅनेजर किंवा सिस्टमडी-नेटवर्कडी त्याच इंटरफेससाठी डीएचसीपीकडून (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) पत्ता मागत असतो, आणि शेवटी कोणाचे म्हणणे टिकेल हे बूटच्या वेळच्या क्रमावर ठरते. इंटरफेस नेमका कोणाच्या ताब्यात आहे हे आधी ठरवावे आणि दुसऱ्याला त्यातून स्पष्टपणे बाजूला करावे. फायरवॉलबाबतही हीच सावधगिरी हवी. फायरवॉलडीमध्ये ‘परमनंट’ पर्यायासह लिहिलेला नियम रीलोड केल्याशिवाय लागू होत नाही, आणि त्या पर्यायाशिवाय दिलेला नियम लागलीच लागू होतो पण रीलोड होताच नाहीसा होतो.

त्रुटीचा संदेश न वाचणे

‘कनेक्ट होत नाही’ या तीन शब्दांत निदान होऊ शकत नाही. प्रणाली प्रत्येक वेळी त्याहून बरेच अधिक सांगत असते आणि ते शब्दशः वाचायला हवे.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ हा संदेश खरे तर दिलासा देणारा आहे. आपले पॅकेट त्या पत्त्यापर्यंत पोहोचले आणि तिकडून टीसीपीचा रीसेट (कनेक्शन नाकारणारे पॅकेट) परत आला, म्हणजे जाण्यायेण्याचा मार्ग बहुतांशी ठीक आहे आणि त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही एवढाच त्याचा अर्थ. मधल्या एखाद्या फायरवॉलनेही असा रीसेट पाठवलेला असू शकतो, पण आधी सेवा तपासावी. ‘एसएस’च्या आउटपुटमध्ये सेवा १२७.०.०.१ या पत्त्यावर ऐकताना दिसली, तर ती फक्त त्याच यंत्रातून येणाऱ्या कनेक्शनना उत्तर देईल आणि बाहेरच्या प्रत्येकाला नकार मिळेल. डेटाबेस नव्याने बसवल्यावर ही स्थिती वारंवार दिसते, आणि तरीही लोक राउटर तपासायला घेतात.

‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे कोणाकडूनच काही उत्तर आले नाही. येथे पॅकेट निमूटपणे टाकून देणाऱ्या फायरवॉलचा संशय आधी घ्यावा आणि त्याच्या जोडीने परतीच्या मार्गाचाही घ्यावा, कारण पॅकेट सर्व्हरपर्यंत पोहोचूनही उत्तराला परतण्याची वाट नसेल तर मागणाऱ्याला हाच संदेश दिसतो.

‘नेटवर्क इज अनरीचेबल’ हा संदेश सहसा आपल्याच कर्नलचा असतो आणि त्या पत्त्याकडे जाणारा मार्ग आपल्या राउटिंग टेबलमध्ये नाही असे तो सांगतो. डीफॉल्ट गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे नेणारा राउटर) लिहायचा राहिला की तोच दिसतो. ‘नो रूट टू होस्ट’ हा मात्र नावामुळे फसवतो. तो वाचून प्रत्येकजण मार्ग शोधू लागतो, पण बहुतेक वेळा मार्ग अस्तित्वात असतो आणि शेजारच्या यंत्राने एआरपीला उत्तर दिलेले नसते, किंवा समोरच्या फायरवॉलने आयसीएमपीद्वारे (नेटवर्कचे निरोप पोहोचवणाऱ्या प्रोटोकॉलद्वारे) स्पष्ट नकार कळवलेला असतो. ‘आयपी नेबर’मध्ये त्या पत्त्यापुढे ‘फेल्ड’ दिसले तर पहिले कारण, नाहीतर दुसरे.

पिंगलाच अंतिम प्रमाण मानण्याची सवयही यातच मोडते. अनेक ठिकाणी आयसीएमपीची इको विनंती अडवलेली असते, म्हणून पिंगला उत्तर नाही यावरून सर्व्हर बंद आहे असे ठरत नाही. ज्या पोर्टवर सेवा आहे त्याच पोर्टवर ‘एनसी’सारख्या साधनाने कनेक्शन करून पाहावे.

सबनेट मास्कची चूक उशिरा का सापडते

चुकीचा पत्ता पटकन उघडकीस येतो, पण चुकीचा मास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा हे ठरवणारा आकडा) आठवडेच्या आठवडे लपून राहू शकतो. समजा, सर्व्हरचा पत्ता १०.२०.४.१५ आहे आणि त्याचा खरा मास्क २५५.२५५.२५५.० असायला हवा, पण भरताना २५५.२५५.०.० असा भरला गेला. आता १०.२०.९.३० हे यंत्र प्रत्यक्षात राउटरपलीकडे असूनही सर्व्हर त्याला आपल्याच केबलवरचा शेजारी समजतो, गेटवेकडे पॅकेट देण्याऐवजी थेट एआरपीने त्याचा शोध घेतो आणि उत्तराची वाट पाहत बसतो. जवळची सर्व यंत्रे व्यवस्थित बोलतात, इंटरनेटही चालते, कारण ते पत्ते त्या मोठ्या मास्कच्या बाहेर आहेत. फक्त १०.२० ने सुरू होणाऱ्या इतर उपजाळ्यांतल्या लोकांची तक्रार येते आणि दोष त्यांच्याकडच्या स्विचवर ढकलला जातो. राउटरवर प्रॉक्सी एआरपी चालू असेल तर राउटरच त्यांच्या वतीने उत्तर देतो आणि चूक पूर्ण झाकली जाते. मग कोणी तरी सुरक्षेसाठी प्रॉक्सी एआरपी बंद करतो आणि एकाएकी बिघाड झाल्यासारखे वाटते. ठरावीक उपजाळ्यांचीच तक्रार असेल तर सर्वांत आधी मास्क पाहावा.

नावांच्या शोधातला विलंब

सेवा मंद झाली आहे, पण एकदा कनेक्शन झाले की सर्व काही वेगात चालते, असे दिसल्यास डीएनएसकडे (नावांवरून पत्ते शोधून देणाऱ्या यंत्रणेकडे) वळावे. ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीतल्या रिझॉल्व्हरची (नावे शोधणाऱ्या भागाची) मूळ मर्यादा प्रत्येक नेमसर्व्हरसाठी ५ सेकंदांची आहे. ‘/इटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’मध्ये पहिला लिहिलेला नेमसर्व्हर बंद पडला असेल तर दुसऱ्याला विचारण्यापूर्वी तेवढा वेळ जातो, आणि म्हणून बरोबर ५ सेकंदांचा विलंब दिसला की या फाइलीची पहिली ओळ तपासावी. याच फाइलीत ३ पेक्षा अधिक नेमसर्व्हर लिहिले तर चौथा आणि पुढचे वापरलेच जात नाहीत.

ही फाइल हाताने बदलणे ही तर नित्याचीच चूक आहे. अनेक प्रणालींत ती दुसऱ्याच कोणाकडून तयार होते आणि आपला बदल पुढच्या डीएचसीपी नूतनीकरणाला किंवा रीबूटला पुसला जातो. तिच्यात १२७.०.०.५३ हा पत्ता दिसला तर सिस्टमडी-रिझॉल्व्हडी मध्ये बसलेला आहे आणि खरे नेमसर्व्हर ‘रिझॉल्व्हसीटीएल’ला विचारावे लागतात.

‘डिग’ बरोबर उत्तर देतो पण प्रोग्रॅम चुकीच्या पत्त्यावर जातो, या कोड्याचे उत्तर बहुधा ‘/इटीसी/होस्ट्स’मध्ये सापडते. डिग थेट नेमसर्व्हरला विचारतो, तर बहुतेक प्रोग्रॅम ‘/इटीसी/एनएसस्विच.कॉन्फ’मध्ये लिहिलेल्या क्रमाने जातात आणि त्या क्रमात स्थानिक फाइल सहसा आधी येते. एखाद्या स्थलांतराच्या वेळी तात्पुरती म्हणून लिहिलेली ओळ तेथे वर्षानुवर्षे पडून राहते. प्रोग्रॅमला काय दिसते हे पाहायचे असेल तर डिगऐवजी ‘गेटएंट होस्ट्स’ वापरावा.

लहान पॅकेट जातात, मोठे अडकतात

एसएसएच (दूरवरून लॉगिन करण्याची सोय) सुरू होते आणि किल्ल्यांच्या देवाणघेवाणीत थांबते, किंवा लॉगिन होते पण लांबलचक यादी मागितली की पडदा गोठतो. हे लक्षण एमटीयूचे, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचे, आहे. इथरनेटचा नेहमीचा एमटीयू १५०० बाइट असतो, पण व्हीएक्सलॅनसारख्या बोगद्यातून आयपीव्ही४ वर जाताना त्यातले ५० बाइट वेष्टनातच जातात. वाटेत जागा कमी असेल तर राउटरने आयसीएमपी संदेशाने तसे कळवावे अशी व्यवस्था आरएफसी ११९१ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजाने १९९० मध्ये घालून दिली. सुरक्षेच्या नावाखाली सगळे आयसीएमपी बंद करणारी फायरवॉल नेमका हाच संदेश गिळते आणि पाठवणारा तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. पडताळणीसाठी तुकडे करण्यास मनाई करणारा पर्याय देऊन १४७२ बाइटचा पिंग पाठवावा, कारण त्यात आयसीएमपीचे ८ आणि आयपीचे २० बाइट मिळवले की १५०० होतात. तो गेला नाही तर जाईपर्यंत आकार कमी करत जावा. स्टोरेजच्या नेटवर्कवर एका बाजूला ९००० आणि स्विचवर १५०० ठेवणे ही याच कुळातली चूक आहे.

दोन इंटरफेस, दोन गेटवे

सर्व्हरला दुसरे नेटवर्क कार्ड जोडले की त्यालाही डीफॉल्ट गेटवे द्यायचा, हा समज चुकीचा आहे. कर्नल मार्ग निवडताना सहसा फक्त गंतव्य पत्ता पाहतो, म्हणून दुसऱ्या कार्डावर आलेल्या विनंतीचे उत्तर पहिल्या कार्डावरून निघून जाते आणि मधली फायरवॉल ते अनोळखी म्हणून टाकते. लिनक्समध्ये उलट मार्गाची तपासणी करणारी ‘आरपी फिल्टर’ ही सेटिंग १ असेल तर कर्नल असे आत आलेले पॅकेटच कसलाही संदेश न देता टाकून देतो. डीफॉल्ट गेटवे एकच ठेवावा, दुसऱ्या बाजूच्या ठरावीक नेटवर्कसाठी स्थिर मार्ग लिहावेत, आणि दोन्हीकडून सर्वांना उत्तर द्यायचेच असेल तर स्रोत पत्त्यानुसार वेगळे राउटिंग टेबल करावे.

दूरवरून बदल करताना

ज्या कनेक्शनवर आपण बसलो आहोत तेच तोडणारा आदेश देण्याची भीती सर्वांना ठाऊक असते आणि तरीही तसे घडते. बदलाआधी कन्सोलने आत जाता येते का हे प्रत्यक्ष लॉगिन करून पाहावे. नेटप्लॅनचा ‘ट्राय’ आदेश १२० सेकंदांत पुष्टी मिळाली नाही तर जुनी मांडणी परत आणतो. अशी सोय नसेल तेथे ‘अ‍ॅट’ने दहा मिनिटांनंतर जुनी फाइल परत लागू करणारे काम आधी लावून ठेवावे आणि बदल नीट झाल्याची खात्री पटल्यावर नवीन एसएसएच सत्र उघडून ते रद्द करावे. जुने सत्र चालू राहिले हा पुरावा धरू नये, नवीन सत्र उघडले पाहिजे.

टीसीपीडंपचे आउटपुट वाचताना

इतके करूनही उलगडा होत नसेल तर दोन्ही टोकांना एकाच वेळी पॅकेट टिपून दाखवणारा टीसीपीडंप लावावा. लिनक्सवर त्याचा अर्थ लावताना दोन गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. आत येणारे पॅकेट टीसीपीडंपला फायरवॉलच्या आधी दिसते आणि बाहेर जाणारे फायरवॉलनंतर. म्हणून विनंतीचे पॅकेट त्यात दिसले तरी ते सेवेपर्यंत पोहोचले असे सिद्ध होत नाही, पण उत्तराचे पॅकेट दिसले तर ते कर्नलने कार्डाकडे सोपवले आहे आणि पुढचा शोध सर्व्हरच्या बाहेर घ्यायचा आहे. दुसरे म्हणजे बाहेर जाणाऱ्या पॅकेटपुढे चेकसम (बिघाड ओळखण्यासाठी मोजलेला आकडा) चुकीचा असल्याची टीप दिसली तर तिच्यामागे लागू नये, कारण चेकसम मोजण्याचे काम कार्डाकडे सोपवलेले असते आणि टीसीपीडंप ते मोजले जाण्याआधीच पॅकेट पाहतो. हीच टीप दुसऱ्या टोकाला, आत आलेल्या पॅकेटवर दिसली, तर मात्र कार्ड, ड्रायव्हर आणि वाटेतली उपकरणे तपासायला घ्यावीत.