स्टार्टअपचं बिझनेस मॉडेल कसं ठरवावं? कोल्हापुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

ॲपचं नाव आणि लोगो आधी ठरतो, पैसे कोण देणार हे मागाहून. हा क्रम आधी उलटा करा.

एका कागदावर तीनच गोष्टी लिहा: पैसे कोण देणार, कशाबद्दल देणार आणि कधी देणार. ही उत्तरं बदलली की मॉडेल बदलतं. त्याचे नमुने गावातच आहेत. शाहू मार्केट यार्डात गुळाचा अडत्या सौदा जुळवून देतो आणि त्यावर अडत घेतो. ऑनलाइन मार्केटप्लेसचं कमिशन म्हणजे हेच. यात माल भरून ठेवावा लागत नाही, पण विकणारे आणि घेणारे दोघेही एकाच वेळी गोळा करावे लागतात, आणि बहुतेक जण तिथेच दमतात. खाणावळीचं महिन्याचं बिल म्हणजे सबस्क्रिप्शन. इचलकरंजीच्या यंत्रमागधारकांना हिशेबाचं सॉफ्टवेअर विकायचं असेल तर मला हेच बरं वाटतं. यूपीआय ऑटोपेने 15,000 रुपयांपर्यंतची रक्कम दर वेळी पिन न टाकता वळती होते, त्यामुळे वसुलीला फिरावं लागत नाही. फुकट देऊन नंतर पैसे मागायचं फ्रीमियम मात्र गाठीशी भांडवल नसेल तर सोडून द्या.

पुढची पायरी एका नगाच्या हिशेबाची. इथे घाई नको. समजा, कोल्हापुरी चप्पल थेट ग्राहकाला विकायची आहे. (2019 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे नावाला वजन आहे.) जोडाची किंमत 1,200 रुपये. कारागिराला 700, पॅकिंग-कुरिअरला 120, जाहिरातीला 200. उरले 180, दहा जोडांचे 1,800. आता त्यातला एक जोड माप चुकलं म्हणून परत आला. जाण्याचे 120, येण्याचे समजा 100 आणि जाहिरातीचे 200 असे 420 अंगावर पडले. नऊ जोडांच्या 1,620 मधून ते वजा करा: हातात 1,200. एका परतीने नफ्याचा तिसरा हिस्सा गेला. म्हणून आधी पायाचं माप घेण्याची सोय नीट करा, जाहिरात नंतर वाढवा.

हिशेब जमला की पाच-दहा गिऱ्हाइकांकडून खरे पैसे घेऊन बघा. ‘आयडिया भारी हाय’ म्हणणारे मित्र यात मोजू नका.

शेवटी उधारी. उद्यमनगर किंवा शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्यांना सेवा किंवा जॉबवर्क देणार असाल तर नफा कागदावर आणि पैसा दुसऱ्याच्या खात्यात, असं होतं. 2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे आपला उद्योग सूक्ष्म किंवा लघु असल्याची सरकारी नोंद, हवी. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते, एजंटाला पैसे देऊ नका, आणि पहिलं बिल फाडण्याआधीच करून घ्या.