तोडणीपूर्वी शेतातील वन्य प्राण्यांच्या विष्ठेची पाहणी करावी

रानडुक्कर किंवा हरीण रात्री शेतात येऊन गेले की पिकाचे किती नुकसान झाले एवढेच पाहिले जाते. मागे पडलेल्या विष्ठेकडे दुर्लक्ष होते आणि चांगला माल पुढे त्यापायीच फेकावा लागतो. या प्राण्यांच्या आतड्यांत ई. कोलाय ओ१५७, साल्मोनेला व येर्सिनिया हे माणसाला आजारी पाडणारे जिवाणू प्राण्याला कोणताही त्रास न देता राहू शकतात, त्यामुळे जनावर धडधाकट दिसले म्हणून त्याची विष्ठा निर्धोक ठरत नाही. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात २०११ साली स्ट्रॉबेरीतून पसरलेल्या ई. कोलायच्या साथीचा माग हरणांच्या लेंड्यांपर्यंत लागला होता.

सध्या पावसाची झड असल्याने धोका अधिक आहे, कारण थेंबांच्या माऱ्याने विष्ठेचे कण कोथिंबीर, पालक, लेट्यूस यांच्या खालच्या पानांवर उडतात आणि पानाच्या खाचांत शिरलेले जिवाणू धुऊनही पूर्णपणे निघत नाहीत. म्हणून उघडीप मिळताच तोडणीची घाई न करता आधी प्रत्येक सरीतून फिरावे. कुंपणाची फट, ओढ्याकडचा बांध आणि ताजी उकरलेली माती येथे हमखास काहीतरी सापडते. विष्ठा दिसल्यास भोवती किमान दीड मीटरपर्यंत खुंट्या रोवून तेवढा भाग तोडणीतून वगळावा. उताराच्या बाजूला मी याच्या दुप्पट अंतर सोडतो. हा नियम नव्हे, अनुभवाचा अंदाज आहे. लेंड्या हाताने बाजूला सारून त्याच हाताने जुडी बांधणारे मजूर सर्रास दिसतात, तेव्हा ही पाहणी मालकाने स्वतः करावी.

दुकानदार पिकावर फवारण्यासाठी महागडी निर्जंतुके पुढे करतात. विष्ठा पडलेले पीक त्या निर्जंतुकांनी खाण्यायोग्य होत नाही, त्यांवर पैसे घालवू नयेत. धुण्याच्या पाण्यात ५० ते २०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) क्लोरीन ठेवावे व पाण्याचा सामू (पीएच) ६.५ ते ७.५ असावा, पण ते एका पानावरचे जिवाणू पाण्यातून दुसऱ्या पानावर जाऊ नयेत यासाठी असते, डागाळलेला माल वाचवण्यासाठी नव्हे.

इतर कामे: कुंपण दुरुस्ती, बांधावरील गवत कापणे, क्रेट जमिनीपासून उंच ठेवणे, उंदरांची बिळे बुजवणे, विळे धुणे, कच्चे शेणखत उभ्या पिकात न टाकणे.

वगळलेल्या भागातील पाला जनावरांना घालू नये व धुण्याच्या हौदाजवळही आणू नये. विष्ठेसह तो पाणवठ्यापासून दूर खड्ड्यात पुरावा आणि वापरलेले फावडे इतर अवजारांत मिसळण्यापूर्वी धुऊन उन्हात वाळवावे.