भाडं ठरवायच्या आधी न्हाणी बघा

बदलीचा कागद मे महिन्यात हातात पडतो आणि माणसं कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा, चंदगड, भुदरगडकडं घर बघायला येतात ती भर उन्हात. उन्हात कौलारू घर गार लागतं, पुढं अंगण, मागं परडं, भाडं कोल्हापूर शहराच्या निम्म्यानं. लगेच होकार देऊन मोकळी होतात. मग पावसाळाभर ओल सोसतात आणि डिसेंबरात पहाटे दात वाजायला लागले की हिशेब उलगडतो. मीही असाच फसलो होतो, म्हणून हे लिहितोय.

आपल्याकडची थंडी काही हिमालयातली नाही. कोल्हापूर शहरात जानेवारीत पहाटेचा पारा साधारण १५ अंशांच्या आसपास असतो, इकडं डोंगराच्या कुशीत नि नदीकाठाला अजून खाली उतरतो. खोली तापवायला हीटर घ्यायची गरज नाही. कौलाच्या फटीतून सगळी ऊब वर निघून जाते आणि दोन हजार वॅटचा हीटर तासाला दोन युनिट खातो. वाकळ, घोंगडं आणि फरशीवर जाड सतरंजी एवढ्यात रात्र निघते. पैसा जातो तो आंघोळीच्या पाण्यावर. म्हणून घर बघताना सोपा, माजघर नंतर, आधी न्हाणी बघायची.

वीस लिटरची बादली २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. पाच माणसं, पाच बादल्या, म्हणजे दिवसाला तीन युनिट, महिन्याला नव्वदच्या घरात. घरगुती वीजदराचा पहिला टप्पा १०० युनिटांचा. दिवे, फ्रिज, मिक्सर धरून तुम्ही आधीच ऐंशीला असाल, तर गिझरची बहुतेक युनिटं वरच्या टप्प्यात, महाग दरानं पडतात. त्यातून मालकानं सबमीटर बसवून युनिटचा एकच गोल दर लावला असेल, तर तो किती हे आधीच विचारा. मी विचारलं नव्हतं. शिवाय न्हाणीजवळ १६ अँपियरचा पॉइंट आहे का, अर्थिंग खरंच जमिनीत गेलंय का, हे ओळखीच्या वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या घरात तीन पिनांचा सॉकेट असतो आणि तिसऱ्या भोकात काहीच जोडलेलं नसतं. तिथं बादलीत रॉड सोडणं म्हणजे जिवाशी खेळ.

गॅस गिझर भराभर पाणी देतो, पण तेवढ्याच बादल्यांना १४.२ किलोच्या सिलिंडरातला निम्म्याहून जास्त गॅस लागतो. खर्चापेक्षा भीती दुसरीच. आमच्या पहिल्या घरात बसवणाऱ्यानं गिझर न्हाणीच्या आतच ठोकला होता आणि थंडी म्हणून झरोक्याला आम्हीच पोतं लावलं होतं. धाकटा भाऊ आंघोळीला गेला तो बराच वेळ बाहेर येईना. आईनं दार बडवलं, कडी तुटली, तेव्हा तो भिंतीला टेकून बसलेला, डोळे अर्धवट मिटलेले. वाचला. बंद जागेत हवा पुरत नाही तेव्हा ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग ना वास. त्यामुळे गिझर नि सिलिंडर दोन्ही न्हाणीबाहेर, मोकळ्या हवेत. आणि हाच नियम रात्री खोलीत निखाऱ्याचं घमेलं ठेवणाऱ्यांनाही. बाळंतिणीच्या खोलीत शेक द्यायला शेगडी ठेवायची झाली, तर खिडकी उघडी ठेवायची आणि झोपायच्या आधी शेगडी बाहेर काढायची. आत्ती-मावशी काहीही म्हणोत.

सोलर बंब हिवाळ्यात झकास चालतो, इकडच्या पावसाळ्यात नुसता शोभेचा. भाड्याच्या घरावर स्वतःच्या पैशानं तो बसवू नये. सूर्यघर योजनेचं अनुदान वीज बनवणाऱ्या पॅनेलला आहे, पाणी तापवण्याच्या सोलरला नाही, हेही ध्यानात असू द्या.

राहता राहिला तांब्याचा बंब, आणि माझं मत विचाराल तर परडं असलेल्या घरात त्याला तोड नाही. फक्त बेगमी वेळेत हवी. जळण पाऊस लागायच्या आत, मे महिन्यातच फोडून माळ्यावर चढवायचं. ऑक्टोबरात घेतलेलं ओलं लाकूड नुसतं धुमसतं, घर काळं करतं. आंबा-बाभळीचं वाळकं लाकूड, पेटवणीला उसाचं पाचट, आणि शेणी, म्हणजे गोवऱ्या. शेणीचा हुडवा, म्हणजे रचून ठेवलेला ढीग, कुणाकडं आहे ते शेजारणीला विचारा, पण होळीच्या आधी विचारा; होळीत बऱ्याच जातात, काही शहरात पंचगंगा स्मशानभूमीला दान म्हणून. काजूची टरफलं आजऱ्या-चंदगडात स्वस्तात मिळतात, ती मात्र बंबात घालू नका. त्यातलं तेल कातडीला चटके देतं आणि धुरानं डोळे उघडत नाहीत. बंब आधी गळ्यापर्यंत भरायचा, मगच पेटवायचा. रिकामा तापला की डाग दिलेले सांधे सुटतात आणि राखेत पाण्याची धार लागते. जुना बंब विकत घेताना म्हणूनच दुकानात तासभर पाणी भरून ठेवायला लावा.

छपराची चौकशी दोनच वाक्यांत: शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून पुन्हा नीट बसवणं, कधी झाली आणि यंदा कोण करणार. माकडांनी कौलं फोडली म्हणून पत्रा घातलेली घरं बरीच आहेत. पत्र्याखाली पहाटेचा गारठा जास्त, तिथं खालून तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचं छत, आहे का बघा. जांभ्याच्या भिंतीला गिलावा नसेल तर पश्चिमेकडून झड लागून भिंत ओल पिते, आणि ती ओल दिवाळीपर्यंत अंगावर येते. भिंतीला हात लावून मे महिन्यात काही कळत नाही. पोपडे नि पांढरी बुरशीची रेघ कुठवर आलीय ते बघायचं.

करार अकरा महिन्यांचाच असतो, पण लेखी आणि नोंदवलेला हवा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी मालकाची आहे. शाकारणी, पाणीपट्टी, परड्यातल्या वाळक्या फांद्या कुणाच्या, सगळं त्यात लिहून घ्या. फांद्यांवरून हसू नका, आमचं भांडण त्यावरूनच झालं होतं.

ज्यांना गावी स्वतःचंच बांधायचंय त्यांच्यासाठी एवढंच. ग्रामीण आवास योजनेचे मैदानी भागात १ लाख २० हजार, डोंगरी भागात १ लाख ३० हजार, घर किमान २५ चौरस मीटरचं. तेवढ्यात स्लॅब उरकतो, पण चुलीची नि बंबाची जागा नकाशात कुणी काढत नाही. मग नव्या घरामागं पत्र्याचं खोपटं उभं राहतं आणि घरातली बाई पहाटे पाचला थंडीत बाहेर. धुराड्याची जागा गवंड्याला जोत्यालाच दाखवून ठेवा.

सामान टेम्पोत चढवायच्या आधी एकदा संध्याकाळी मालकाच्या देखत बंब पेटवायला सांगा आणि दार लावून माजघरात बसा. धूर आत आला तर त्यालाच डोळे चोळत झरोका मोठा करून द्यायला लावता येतो. डिपॉझिट दिल्यावर तो फोन उचलत नाही.