मे महिन्यात नागपुरात सायकलिंग: पाणी, मीठ आणि खाणं

उन्हाळ्यात सायकल टांगून ठेवायची काही गरज नाही, फक्त वेळ आणि मीठ सांभाळा. आपल्याकडे पारा ४५ पर्यंत जातो, त्यामुळे पहाटे ५ ला निघायचं आणि ८ च्या आत घरी. रामटेक जाऊन येऊन १०० किमीच्या आसपास होतं, ते हिवाळ्यासाठी ठेवा, मे मध्ये ४०-५० भरपूर झालं. आणि एकदम नका सुरू करू, अंगाला उन्हाची सवय व्हायला १०-१४ दिवस लागतात, तोवर स्पीड विसरा.

विदर्भातली हवा कोरडी, घाम येतो आणि लगेच वाळतो, म्हणून वाटतं की घाम आलाच नाही आणि लोक पाणी कमी पितात. जर्सीवर पांढरे डाग दिसले की समजायचं मीठ गेलंय. (कोकणात उलटं, घाम निथळतो पण वाळत नाही म्हणून अंग थंडच होत नाही, तिथे हळू चालवणं हाच उपाय.) नेमकं किती पाणी गेलं ते बघायचं तर राईडच्या आधी आणि नंतर वजन करा, १ किलो कमी भरलं म्हणजे जेवढं प्यायलात त्याहून साधारण १ लिटर जास्त गेलं.

दोन बाटल्या न्या, एकात साधं पाणी, एकात ओआरएस. मोठं पाकीट १ लिटरसाठी असतं, ७५० मिलीच्या बाटलीत अख्खं ओतू नका. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच. तासन्‌तास नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम खाली येतं आणि ते खरंच धोक्याचं आहे. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर मिठाचं आधी डॉक्टरांना विचारा.

तासाभरापेक्षा मोठी राईड असेल तर तासाला ३०-६० ग्रॅम कार्ब्स पोटात जायला हवेत, म्हणजे एक केळं आणि दोन-तीन खजूर, थोडं थोडं करून. चिक्की चांगलीच, पण तोंड कोरडं असताना गिळवत नाही. घरी आल्यावर मीठ-जिरं घातलेलं ताक नाहीतर पन्हं.

डोकं दुखतंय, मळमळतंय, थंडी वाजतेय असं झालं की तिथेच थांबा, घर २ किमीवर असलं तरी. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा झोकांड्या जायला लागल्या तर तो उष्माघात समजा, सावलीत झोपवा, हेल्मेट काढा, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. पूर्ण शुद्धीत नसेल तर तोंडात पाणीसुद्धा घालू नका.